केसांत अडकलेलं चिंगम: ते का निघत नाही, कुठे चुकतं आणि कात्रीशिवाय कसं सोडवायचं

केसांत चिंगम अडकलं की बहुतेक वेळा तीन गोष्टी ओळीने होतात. आधी कुणीतरी ते चिमटीत धरून ओढतं. मग डोकं नळाखाली जातं. आणि दहा मिनिटांत वैतागून कात्री निघते. यांतल्या एकाही गोष्टीची सहसा गरज नसते. एखाद्या बटेत अडकलेलं ताजं चिंगम साधारण अर्ध्या तासात, चमचा-दोन चमचे तेल आणि एक रुंद दातांचा कंगवा यांवर निघून येतं. जिथे ते निघत नाही तिथे उपाय बहुधा बरोबरच असतो, क्रम चुकलेला असतो. केस ओले केल्यावर तेल लागलेलं असतं, तेलावर बर्फ लावलेला असतो, किंवा कंगवा मुळाकडून खाली ओढलेला असतो.

म्हणून इथे प्रत्येक उपायाबरोबर तो कुठे अडतो तेही लिहिलं आहे. तेल लावून हात टेकलेल्यांनी थेट 'तरीही निघत नसेल तर' या भागाकडे वळलं तरी चालेल. मात्र त्याआधी चिंगम कशाचं असतं तेवढं वाचून घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पाण्याने का निघत नाही

चिंगममधली साखर आणि स्वाद चघळताना लाळेत विरघळून जातात. मागे उरतो तो चिवट लगदा, त्याला गम बेस म्हणतात. केसांत चिकटतो तो हाच. तो पाण्यात विरघळणारा असता तर तोंडातच विरघळला असता! पूर्वी हा बेस चिकूच्या झाडाच्या चिकापासून बनायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा मुख्यतः कृत्रिम पदार्थांनी घेतली. आता त्यात पॉलिआयसोब्युटिलीन, ब्युटाइल रबर, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट यांसारखे पदार्थ, जोडीला रेझिन आणि मेण, आणि भर म्हणून कॅल्शियम कार्बोनेट किंवा टाल्क असतं.

रबर आणि मेण पाण्याला दाद देत नाहीत, तेलाला देतात. तेल हळूहळू त्यांच्या आत शिरतं, लगदा सैल पडतो आणि केसावरची पकड सुटते. इथे 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. तेल लावल्याबरोबर काही घडत नाही आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

तापमानाचंही लक्षात ठेवा. थंड झालं की चिंगम कडक आणि ठिसूळ होतं, तुकडे पडतात. गरम झालं की मऊ होतं, त्याला तार सुटते आणि ते शेजारच्या केसांनाही धरतं. गरम पाण्याने डोकं धुतलं की सुपारीएवढा गोळा तळहाताएवढा पसरतो, तो यामुळेच.

राहिला केस. केसावर कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात आणि त्यांची उघडी कड टोकाच्या दिशेला असते. म्हणून केस मुळाकडून टोकाकडे पुसला तर गुळगुळीत लागतो, उलटा पुसला तर खरखरीत. ओला केस फुगतो, जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. ओल्या केसातलं चिंगम ओढणं म्हणजे दुहेरी नुकसान.

पहिली पाच मिनिटं

हात लावणं थांबवा. लहान मूल असेल तर त्याचेही हात आवरा, कारण बोटांना लागलेलं चिंगम दुसऱ्या बटेत जायला वेळ लागत नाही. तोंडात चिंगम उरलं असेल तर ते आधी बाहेर काढायला लावा. मग चिंगम लागलेली बट बाजूला घ्या आणि बाकीचे केस चिमट्याने किंवा रबरबँडने दूर बांधून टाका. हे काम एका मिनिटाचं आहे आणि सगळ्यांत जास्त टाळलं जातं.

त्याच वेळी काही करणं शक्य नसेल, प्रवासात असाल, तर प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा तुकडा घ्या, आतल्या बाजूला तेलाचं किंवा पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा, तो गोळ्याभोवती गुंडाळा आणि वरून क्लिप लावा. घरी पोचेपर्यंत ते पसरणार नाही. तोवर टोपी घालू नका, डोकं मागे टेकवू नका, उन्हात बसू नका.

काम कोरड्या केसांवरच करायचं आहे. केस आधीच ओले झाले असतील तर टॉवेलने टिपून हवेवर वाळू द्या. ड्रायर लावायचाच तर फक्त थंड हवेवर. ओल्या केसाभोवती आणि लगद्याभोवती पाण्याचा थर असतो, त्यावर तेल लावलं तर ते वरून घसरतं, आत जात नाही.

तेलाने काढण्याची पद्धत

हाताशी घ्या: तेल, रुंद दातांचा कंगवा, बारीक दातांची फणी, टिपकागद किंवा जुन्या सुती कापडाचे आठ-दहा तुकडे, दोन क्लिपा आणि खांद्यावर टाकायला जुना टॉवेल. हरभऱ्याएवढ्या गोळ्याला एक ते दोन चहाचे चमचे, म्हणजे 5 ते 10 मिली तेल पुरतं. चिंगम तळहाताएवढ्या भागात पसरलं असेल तर दोन-तीन मोठे चमचे लागतात. पूर्ण डोकं तेलात भिजवण्याची गरज नसते. ते केलंत तर नंतर धुण्यातच तास जातो.

सुरुवात गोळ्याच्या कडेने करा, मधून नको. गोळ्याच्या वर आणि खाली दोन-दोन बोटं अंतरापर्यंतच्या मोकळ्या केसांना आधी तेल लावा. याने दोन कामं होतात. सुटलेलं चिंगम या केसांना पुन्हा चिकटत नाही, आणि तेल केसांच्या कडेने लगद्याच्या आत उतरायला वाट मिळते. मग गोळ्यावर तेल घाला आणि अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून हलकं दाबत राहा. मळायचं नाही, फक्त दाबायचं आणि सोडायचं. असं दोन मिनिटं केल्यावर 10 मिनिटं तसंच राहू द्या.

दहा मिनिटांनी बोटं पुन्हा लावा. लगदा आता रबरासारखा उसळत नाही, लोण्यासारखा घसरतो असं वाटलं तर तेल मुरलं आहे. अजून ताण जाणवत असेल तर थोडं तेल घालून आणखी 10 मिनिटं थांबा. हे थांबणं वाया जात नाही, कारण इथे वाचवलेली मिनिटं पुढे तुटलेल्या केसांनी भरून द्यावी लागतात.

आता बट सोडवायची. गोळ्याच्या वर, टाळूच्या बाजूला, बट एका हाताच्या मुठीत घट्ट धरा. ही पकड अख्ख्या कामात सुटता कामा नये, कारण ओढ मुठीवर येते, मुळांवर येत नाही. मूल रडत असेल तर नव्वद टक्के वेळा ही मूठ सैल झालेली असते. आकडा मोजलेला नाही, पण मूठ तपासून बघा. दुसऱ्या हाताने गोळ्याच्या खालच्या कडेचे चार-सहा केस बोटांनी वेगळे करा आणि चिंगम त्यांच्यावरून टोकाच्या दिशेने सरकवा. टोकाशी आलेला तुकडा लगेच टिपकागदाने पुसून टाका. मग पुढचे चार-सहा केस. गोळा खालून वर असा कमी होत जातो.

गोळा वाटाण्याच्या निम्म्याएवढा झाला की रुंद कंगवा घ्या. तोही टोकाजवळून सुरू करून एक-एक सेंटिमीटर वर सरकवा, पण प्रत्येक फटका खाली, टोकाकडेच. दर फटक्यानंतर कंगवा पुसा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि गाळला तर कंगव्याच्या दातांवरचं चिंगम नीट सोडवलेल्या केसांत परत बसतं. शेवटी बारीक फणी फिरवा. फणी अडली तर तिथे एक थेंब तेल टाका, दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा.

धुताना पाणी आधी घेऊ नका. कोरड्या तेलकट केसांवरच थेट शाम्पू लावा, साधारण एक चहाचा चमचा, आणि एक-दोन मिनिटं बोटांनी चोळा. शाम्पूतल्या फेस करणाऱ्या द्रव्यांना तेलाला धरायला असा वेळ मिळतो. मग कोमट पाण्याने धुवा. दुसऱ्यांदा नेहमीसारखा शाम्पू करा, शेवटी टोकांना कंडिशनर लावा. गरम पाणी अजूनही टाळा, नजरेतून सुटलेला एखादा कण राहिला असेल तर तो मऊ होऊन पसरतो.

बर्फ कधी वापरायचा

बर्फाबद्दल बरीच भाबडी समजूत आहे. ज्या गोळ्याच्या आत केस फारसे गेलेले नाहीत, तो केसांवर बाहेरून बसला आहे आणि टाळूपासून निदान चार-पाच बोटं लांब आहे, तिथेच बर्फ छान काम करतो. दोन छोट्या पिशव्यांत बर्फाचे खडे घेऊन त्या बंद करा, म्हणजे केस ओले होणार नाहीत. गोळा दोन पिशव्यांच्या मध्ये दाबून 10 ते 15 मिनिटं धरा. कडक झाला की लगेच बोटांनी चुरा, कारण बोटांच्या उबेने तो मिनिटाभरात पुन्हा मऊ होऊ लागतो. तुकडे पडतील तेवढे पाडा, मग पुन्हा बर्फ.

पण गोळ्यातून केस आरपार गेले असतील तर कडक झालेलं चिंगम मोडताना आतले केसही मोडतात. तिथे बर्फाचा उपयोग एवढाच की वरचा जाड भाग काढून गोळा लहान करायचा आणि मग तेलाकडे वळायचं. उलटा क्रम चालत नाही. तेल लागलेलं चिंगम बर्फाने नीट कडक होत नाही, नुसतं थंड आणि बुळबुळीत होतं. लहान मुलांच्या टाळूवर बर्फ थेट धरू नका, मध्ये कापडाची घडी ठेवा.

कोणता पदार्थ किती कामाचा

बेबी ऑइल सगळ्यांत सोपं. ते खनिज तेल असतं, पातळ असतं, आणि चिंगममधल्या रबरासारखंच हायड्रोकार्बन असल्याने आत लवकर शिरतं. खोबरेल, ऑलिव्ह, सूर्यफूल किंवा स्वयंपाकाचं कोणतंही साधं तेल जवळपास तेवढंच चांगलं, फक्त पाच-दहा मिनिटं जास्त द्या. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसखाली गोठतं. थंडीत ते घट्ट असेल तर बाटली कोमट पाण्यात उभी करून पातळ करून घ्या. तेल गॅसवर गरम करून डोक्यावर घालण्याची कल्पना डोक्यातून काढून टाका. तेल दिसायला शांत असतं आणि भाजतं पाण्यापेक्षा वाईट.

पेट्रोलियम जेली घट्ट असल्याने ओघळत नाही. टाळूजवळ, कपाळाच्या कडेला, भुवयांजवळ हीच वापरावी. तोटा धुताना कळतो, दोन-तीन शाम्पू लागतात.

पीनट बटरचा उपाय खूप सांगितला जातो. तो खरा आहे, कारण त्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं आणि घट्टपणामुळे ते जागेवर राहतं. पण तेलाने होणारं काम तेवढाच वेळ घेऊन आणि वर दाण्यांचा लगदा केसांत सोडून करण्यात अर्थ काय? शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या केसांना, किंवा तशी व्यक्ती घरात असेल तर, ते अजिबात वापरू नका. दुसरं काहीच नसेल तर बारीक वाटलेलं घ्या, दाणेदार नको.

मेयोनीजमध्ये तेल भरपूर असतं, पण ते पाण्यात मिसळलेल्या बारीक थेंबांच्या रूपात असतं. त्यामुळे काम होतं, पण उशिरा. कंडिशनर चिंगम मऊ करत नाही, केस निसरडे करतो. तेलानंतर उरलेला पातळ थर सरकवायला मात्र तो चांगला.

तरीही निघत नसेल तर

तेल लावून अर्धा तास झाला, गोळा तसाच. जवळजवळ नेहमीच तेल बाहेरच राहिलेलं असतं. मोठ्या गोळ्याची फक्त वरची कातडी मऊ होते आणि मधला गाभा कोरडा असतो. कंगव्याची निमुळती शेपटी किंवा विणकामाची बोथट सुई तेलात बुडवून गोळ्यात हलकेच खुपसा, दोन-तीन ठिकाणी वाट करा आणि त्यात थेंब सोडा. टोकदार सुई किंवा पिन टाळूजवळ नको.

लांब तारा सुटून सगळीकडे चिकटतंय. चिंगम गरम झालं आहे, बोटांनी खूप मळल्याने किंवा खोलीतल्या उष्णतेने. बर्फाची पिशवी 5 मिनिटं धरा. तारा आखडल्या की कापडाने पुसून घ्या आणि शेजारच्या स्वच्छ केसांना तेलाचा हात लावा, म्हणजे पुढच्या तारा त्यांना धरणार नाहीत. तेल अजून लागलं नसेल तरच बर्फाने पुरतं कडक होण्याची अपेक्षा ठेवा.

रात्रभर राहून दगड झालंय. वाळलेल्या चिंगमला वेळ जास्त लागतो, पद्धत तीच. तेल कोमट करून घ्या, इतकंच की मनगटावर थेंब टाकला तर गरम वाटू नये. ते गोळ्यात मुरवा, वर प्लास्टिकचा तुकडा, त्यावर टॉवेल गुंडाळा आणि 30 ते 45 मिनिटं ठेवा. एवढ्यावर कडा सुटतात, त्या काढून टाका आणि आतल्या भागाला पुन्हा तेवढाच वेळ द्या. दोन-तीन फेऱ्या लागल्या तर त्यात वावगं काही नाही.

गोळा गेला, पण बट चिकट लागते. केसांवर पातळ थर राहिला आहे. शाम्पू वाढवून तो जात नाही, कारण तेही पाण्याचंच काम. केस पूर्ण वाळू द्या, त्या बटेला पाव चमचा तेल लावा, 10 मिनिटांनी सुती कापडात बट धरून मुळाकडून टोकाकडे घट्ट पुसत न्या. कापडावर करडी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबेपर्यंत कापडाची जागा बदलत पुसा.

पांढरे बारीक कण दिसतात. कोंडा समजून घाबरू नका. चिंगममधली खडूसारखी भर किंवा पीनट बटरचे कण असतात. फणीने निघतात.

धुतल्यावरही केस ओशट. पाणी आधी घेतलं गेलं. केस वाळवा, कोरड्यावर शाम्पू लावून सुरुवात करा.

टाळूला अगदी लागून आहे. इथे घाई सर्वांत महाग पडते. कापसाची काडी पेट्रोलियम जेलीत बुडवून गोळा आणि कातडी यांच्या मधल्या फटीत फिरवा. 15 मिनिटं थांबा. मग कातडी एका बोटाने दाबून धरा आणि चिंगम कातडीपासून वर, केसांच्या टोकाकडे सरकवा. कातडी लाल झाली, आग होऊ लागली, तर थांबा, धुवा, दुसऱ्या दिवशी करा. चिंगम एक दिवस राहिल्याने टाळूला काही होत नाही.

हे वापरू नका

रॉकेल, पेट्रोल, थिनर. चिंगम सुटेलही, पण टाळू भाजल्यासारखी होते, वाफ श्वासात जाते, रॉकेलचा घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसांना सूज येते, आणि घरात कुठेतरी ज्योत पेटलेली असते. चिंगम काढायला गेलात आणि दवाखाना गाठलात, असा हा व्यवहार.

नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन पॉलिव्हिनाइल ॲसिटेट विरघळवतं खरं, पण केस कोरडे ठणठणीत करतं आणि पटकन पेट घेतं. हँड सॅनिटायझर आणि स्पिरिट रबराच्या भागावर काही करत नाहीत. निलगिरीचं तेल चिंगमवर खरंच चांगलं चालतं, कपड्यांसाठी लोक वापरतातही, पण टाळूला झोंबतं आणि लहान मुलाने गिळलं तर विषारी आहे. मुलांच्या डोक्याजवळ ते आणू नका.

लिंबू, व्हिनेगर, कोलापेय यांच्यातलं आम्ल चिंगमचं काही वाकडं करत नाही. थोडाफार गुण आलाच तर तो सोबत केलेल्या चोळण्याचा असतो. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्याने केसाचे खवले खरवडले जातात.

वेगळ्या प्रकारचे केस

कुरळ्या आणि दाट केसांत चिंगम एकाच बटेत राहत नाही, शेजारच्या वेटोळ्यांना धरतं. इथे कंगवा बराच उशिरा घ्या, बोटांचं काम जास्त. तेलही सढळ हाताने. वेणी घातलेली असेल तर ती चिंगमच्या खालपर्यंतच सोडा, गोळ्याच्या वरचा भाग विणलेलाच राहू द्या. तो भाग मुठीचं काम करतो.

ब्लीच केलेले किंवा रसायनाने सरळ केलेले केस आधीच कमकुवत असतात. त्यांना बर्फाने चुरणं टाळा, फक्त तेल आणि दुप्पट वेळ.

टेपने किंवा गोंदाने लावलेल्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे वरून जोडलेल्या केसांच्या, बाबतीत सावध राहा. जे तेल चिंगमची पकड सोडवतं तेच त्या टेपचीही सोडवतं. चिंगम टोकाकडे असेल तर जोडाच्या खाली क्लिप लावून तेल वर चढू देऊ नका. जोडालाच चिकटलं असेल तर ज्याने ते बसवले त्याच्याकडेच जा.

दाढी-मिशीला पेट्रोलियम जेली. पापण्यांना चिंगम लागलं तर डोळा मिटून, कापसाच्या काडीने तेवढीच जेली, बुबुळापासून दूर सरकवत. वरच्या आणि खालच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या असतील तर घरी खटपट करू नका, डॉक्टरांना दाखवा.

पाळीव कुत्र्याच्या केसांतलं चिंगमही तेलानेच निघतं, पण आधी ते चाटू देऊ नका. साखरविरहित चिंगममध्ये अनेकदा साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. गिळल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा.

कापावंच लागलं तर

दोन-तीन फेऱ्या तेलाच्या होऊनही मध्ये गाठ राहिली, केस एकमेकांत पीळ घालून बसले, तर कात्री ठीक आहे. पण तेल लावल्यावर, आधी नाही. तेलाने सुटतील ते केस सुटू द्या, म्हणजे कापायचे केस शंभराचे वीस होतात. मग बट आडवी छाटू नका. कात्री उभी, केसांच्या दिशेने धरा आणि टोकाने गाठीतच बारीक चिरा द्या, गाठ लांबीच्या दिशेने उसवल्यासारखी. पीळ मोकळा झाला की बरेच केस न कापता बाहेर येतात. लहान मुलांसाठी गोल टोकाची कात्री.

डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. टाळूलगत छाटलेली बट खांद्यापर्यंत यायला दोन वर्षांहून जास्त लागू शकतात. अर्धा तास थांबणं स्वस्त आहे.

चार दिवसांनी पुन्हा तिथेच चिंगम

हे होतं आणि लोक गोंधळतात: नवीन चिंगम कुणी खाल्लंच नव्हतं, मग आलं कुठून? जुनंच. उशीच्या अभ्र्यावर, टोपीच्या आत, शर्टाच्या कॉलरला, खुर्चीच्या पाठीला, गाडीच्या हेडरेस्टवर एक चपटा डाग राहिलेला असतो. डोक्याच्या उबेने तो मऊ होतो आणि केस धरतो. केस ज्या उंचीवर परत परत चिकटतात ती उंची बघा. मागे टाळूच्या मध्यावर असेल तर उशी किंवा हेडरेस्ट, मानेजवळ असेल तर कॉलर, कपाळाच्या कडेला असेल तर टोपी. कंगव्याच्या दातांच्या बुडाशीही एक करडी रेघ असते. कंगवा तेलात 15 मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने घासा, मग साबणाने धुवा.

खरोखर नवीन चिंगम येत असेल तर दोनच वेळा तपासायच्या. एक झोपेची: चिंगम तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या कानामागे किंवा गालाच्या बाजूच्या केसांत ते सकाळी सापडतं. दुसरी फुग्याची. मोठा फुगा फुटला की तो समोरच्या आणि कानाजवळच्या मोकळ्या केसांवर बसतो. फुगे करायचे असतील तेव्हा केस मागे बांधलेले असावेत, एवढा नियम पुरतो.

अभ्र्याला तेल लावू नका, त्याचा वेगळा डाग पडेल. अभ्रा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये 2 ते 3 तास ठेवा, बाहेर काढल्याबरोबर चमच्याच्या कडेने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा. मऊ पडू लागला की पुन्हा फ्रीजरमध्ये. पूर्ण निघेपर्यंत तो अभ्रा गरम पाण्यात धुवू नका आणि त्यावर इस्त्री फिरवू नका, नाहीतर चिंगम कापडाच्या विणीत शिरून बसतं.